आखाजी ते मृग : नवं चेनसॉ मशीन कसं रुळवावं, कसं राखावं

दादर ज्वारी, हरभरा, गहू घरात आले, खळी उरकली आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की खान्देशातल्या शेतकऱ्याचं लक्ष बांधाकडे वळतं. कपाशीच्या चार ओळींवर सावली पाडणारी बाभूळ, विहिरीवर झुकलेला निंब, मागच्या वादळात चिरून लोंबकळत राहिलेली फांदी, ही सगळी कामं मृग लागायच्या आत उरकायची असतात. पूर्वी यासाठी करवतवाल्यांची जोडी शोधावी लागे. आता रावेर-यावलच्या केळी पट्ट्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत गावोगाव चेनसॉ दिसतो आणि या दिवसांत नव्या मशीनची खरेदीही बरीच होते.

मशीन घेताना लोक इंजिनाचे सीसी आणि चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचे इंच विचारतात, भाव पाडतात आणि घरी आणल्या दिवशीच सुक्या बाभळीच्या बुंध्याला लावतात. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही, मशीनला मात्र जुंपतात. चेनसॉ म्हातारा होऊन बंद पडलेला फारसा दिसत नाही. तो पेट्रोलच्या पहिल्या काही टाक्यांतल्या घाईने, चुकीच्या मिश्रणाने नाहीतर आपल्याकडच्या उन्हाधुळीने जातो.

आधी मिश्रण

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात ऑइलचं वेगळं चेंबर नसतं. पिस्टन आणि बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच. नुसतं पेट्रोल भरून चालवलं तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि मग खर्च जवळजवळ नव्या इंजिनाइतका येतो.

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. कंपनीने सुचवलेलं चांगल्या दर्जाचं टू-टी असेल तर बहुतेक मशीनला ५० ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली आणि पाच लिटरला १०० मिली. साध्या ऑइलसाठी बऱ्याच पुस्तिका २५ ला १ सांगतात, म्हणजे लिटरला ४० मिली. डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी असा दर्जा छापलेला असेल तर ते ऑइल या कामाचं. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल यात चालत नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणं बंद करा. खुणा असलेली मापाची बाटली स्वस्तात मिळते. आधी निम्मं पेट्रोल, त्यात सगळं ऑइल, डबा नीट हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल टाकून पुन्हा हलवायचं. दरवेळी मशीनमध्ये ओतण्याआधीही डबा एकदा हलवा.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं बसतं आणि नेमकं तेच टाकीतल्या फिल्टरच्या तोंडाशी येतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा त्याने खराब होतो. म्हणून हंगामाचं मिश्रण एकदम करून ठेवू नका. आठवड्याचं काम भागेल एवढंच करा, आणि महिन्यापेक्षा जुनं मिश्रण चेनसॉत भरू नका.

मिश्रण पाण्याच्या बाटलीत भरून वावरात नेण्याची सवय मात्र मोडाच. टू-टीच्या रंगामुळे ते सरबतासारखं दिसतं, उन्हाचा तडाखा ४४-४५ अंशांचा असतो आणि झाडाखाली तशाच चार बाटल्या ठेवलेल्या असतात. तहानलेला माणूस न बघता बाटली तोंडाला लावतो. पेट्रोलचा डबा वेगळा, खूण केलेला आणि सावलीत हवा.

पहिल्या तीन-चार टाक्या

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर अजून एकमेकांना बसलेले नसतात. घर्षण जास्त आणि त्यामुळे उष्णताही जास्त. काही कंपन्या पहिल्या तीन टाक्या सांभाळायला सांगतात, काही पहिले दहा तास. दोन्हींचा मतलब एकच आहे : या काळात लाकडाशिवाय मोकळी फुल रेस द्यायची नाही. दुकानातून आणल्यावर शेजाऱ्यांना आवाज ऐकवायला अंगणात जी भर्रकन रेस दिली जाते ती या काळात सगळ्यात वाईट. मोकळ्या चेनवर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि तापतं.

याचा उलटा गैरसमजही तेवढाच आहे. ‘नवं आहे, हळू चालवू’ म्हणून अर्ध्या रेसवर लाकूड कापलं तर क्लच घसरतो, जळका वास येतो आणि क्लचचा ड्रम निळा पडतो. चेन लाकडाला टेकवण्याच्या बेताला रेस वाढवायची, काप पूर्ण होईतो ती धरायची आणि चेन बाहेर पडताच सोडायची. जुन्या ट्रकसारखं तासभर स्लोवर चालू ठेवून मशीन ‘मोकळं’ करणंही नको. स्लोवर नुसता कार्बन धरतो, रिंगा बसत नाहीत.

पहिल्या टाक्यांसाठी लाकूड निवडून घ्या. सुबाभूळ, ओला निंब, शेवगा, मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या चालतील. सुकी बाभूळ, बोरीचा जुना बुंधा, चिंचेचं खोड नंतर. पाच-सहा काप झाले की थोडा वेळ द्या. काम थांबवताना मशीन एकदम बंद करू नका. अर्धा-एक मिनिट स्लोवर राहू द्या म्हणजे पंख्याची हवा सिलिंडरची उष्णता काढून नेते.

पहिल्या दिवसाच्या शेवटी पाना घेऊन सायलेन्सरचे बोल्ट, हँडलचे स्क्रू, पट्टीचे नट, सगळं एकदा तपासा. नव्या मशीनचे बोल्ट थरथरीने सैल होतात आणि सायलेन्सरचा बोल्ट बांधावर पडला की गवतात सापडत नाही.

कार्बोरेटरवरच्या स्क्रूंना हात लावायचा मोह होतो, कारण एक स्क्रू थोडा आत घेतला की मशीन जोरात पळतं. पळतं कारण पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते. पेट्रोल कमी झालं की सोबतचं ऑइलही कमी होतं, आवाज पातळ आणि कर्कश होतो आणि इंजिन जाम होण्याच्या वाटेला लागतं. स्लोचा स्क्रू तेवढा माहीत असू द्या. स्लोवर चेन फिरत असेल तर तो कमी करून चेन थांबलीच पाहिजे. बाकीचं काम रुळवण्याचा काळ संपल्यावर मेकॅनिककडून करून घ्या.

चेन : ताण, तेल आणि धार

नवी चेन बसवण्याआधी रात्रभर चेन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, रिव्हेटपर्यंत तेल जातं. बसवताना पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार पट्टीच्या टोकाकडे हवी. उलटी बसलेली चेन लाकडाला घासून नुसता धूर काढते आणि दोष मशीनवर येतो.

ताण देताना पट्टीचे नट सैल करा, पट्टीचं टोक वर उचलून धरा, ताणाचा स्क्रू फिरवा आणि टोक वर धरूनच नट आवळा. चेन पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली असावी, तरी हातमोजा घालून हाताने ओढली की सहज सरकावी. नवी चेन पहिल्या तासाभरात बरीच लांबते, तेव्हा दर थोड्या कापांनी इंजिन बंद करून पाहा. तापलेली चेन सैल दिसते म्हणून आवळली तर काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते.

चेनला तेल पोचतं का हे दर टाकीला बघायचं. पट्टीचं टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर अंतरावर धरून रेस द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. आणखी एक खूण : पेट्रोलची टाकी संपते तेव्हा चेनच्या तेलाची वेगळी टाकीही बरीचशी रिकामी झालेली असते. ती भरलेलीच दिसली तर तेलाचं छिद्र भुशाने बुजलंय, काम थांबवा. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून त्यात ओतलं जातं. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो तेलपंप खातो आणि ते तेल चेनवरून उडून कापणाऱ्याच्या अंगावर आणि जमिनीत जातं. आंबा-लिंबाच्या छाटणीला तर ते अजिबात नको.

आता धार. आपल्याकडे चेन बोथट झाली की माणूस जोर लावतो, आणि इंजिनावर सर्वात जास्त ताण याच जोराने येतो. धार आहे तोवर चेन स्वतःच लाकडात उतरते आणि खाली जाड ढलप्या पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, धूर निघाला, कापाची वाट एका बाजूला वळू लागली की कानस काढायची वेळ झाली. बांधावरच्या झाडांच्या सालीत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. बाभळीचं लाकूड मुळातच कठीण, त्यात ही धूळ, म्हणून धार लवकर जाते. जाड साल असेल तर कापाच्या जागी कुऱ्हाडीने ती आधी तासून घ्या.

कानस चेनच्या मापाचीच हवी. छोट्या मशीनवरच्या लो-प्रोफाइल ३/८ चेनला ४ मिमी, .३२५ चेनला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ चेनला ५.२ किंवा ५.५ मिमी. पुस्तिकेत किंवा चेनच्या डब्यावर माप असतंच. बुंध्यात खाच पाडून पट्टी त्यात घट्ट बसवा, इंजिन बंद आणि चेनचा ब्रेक लावलेला. एका दातावर खडूने खूण करा. कानस दाताच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला ढकलायची, बहुतेक चेनला ३० अंशांत. दाताच्या वरच्या पत्र्यावर त्या कोनाची रेघ कोरलेली असते तिच्या समांतर. कानसेचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. ढकलताना दाब, मागे घेताना उचलून. घासत मागे ओढली तर कानसच बोथट होते. दोन-तीन घाव, पुढचा दात एक सोडून, मग दुसऱ्या बाजूला उभं राहून उरलेले. खडूची खूण परत आली की फेरी पूर्ण. सगळ्यात आखूड दाताला माप मानून बाकीचे तेवढेच करायचे. डाव्या-उजव्या दातांची लांबी वेगळी झाली की काप हमखास वाकडा जातो.

प्रत्येक टाकीला दोन-दोन घाव पुरतात. चेन मातीला किंवा तारेला लागली की मात्र तिथल्या तिथे. चार-पाच वेळा धार लावली की दातापुढचा बुटका उंचवटा मापपट्टीने बघा. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो. त्याच्या वर राहिला तर चेन लाकूड घेत नाही, फार घासला तर चेन लाकडाला झडप घालते आणि मशीन झटका देतं. वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर पाच मिनिटांत धार लावून मिळते हे खरं, पण निळा पडलेला दात म्हणजे त्याचं पाणी गेलं, ती धार दोन फांद्याही टिकत नाही.

धार लावली की पट्टी उलटी करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाचेतला भुसा पातळ पत्र्याच्या तुकड्याने काढा, तेलाचं छिद्र काडीने मोकळं करा. दोन चेन आलटून-पालटून वापरा. त्या दोन्ही झिजल्या की स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, तेही बदला. झिजल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते.

धूळ आणि ऊन

चैत्र-वैशाखात आपल्याकडे मोकळ्या वावरात वावटळी उठतात आणि तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीची ती बारीक माती एअर फिल्टरवर बसते. फिल्टर रोज संध्याकाळी काढा, वाऱ्याच्या दिवशी दुपारीही. काढण्याआधी आजूबाजूचा भुसा ब्रशने झटका आणि चोकची झडप मिटवून घ्या, नाहीतर तोच कचरा कार्बोरेटरमध्ये पडतो. जाळीचा किंवा फ्लिसचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आतून बाहेर आणि लांबून. फाटलेला फिल्टर शिवत बसू नका.

सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्या आणि दोरीच्या झाकणावरच्या फटी याच इंजिनाच्या थंडाव्याच्या वाटा. भुसा आणि तेल मिळून त्यात लगदा धरतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात आधीच हवा तापलेली, त्यात या वाटा बुजल्या की मिश्रण बरोबर असूनही पिस्टन धरतो. कामाची वेळ सकाळी सहा ते दहा ठेवा. त्यानंतर माणसाचंही लक्ष राहत नाही.

प्लग आठवड्यातून एकदा काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं-ओलं असेल तर फिल्टर बुजलाय किंवा ऑइल जास्त झालंय. पांढरट असेल तर मशीन तापतंय, आधी कारण शोधा. फट ०.५ मिमी.

तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, दहा मिनिटं सावलीत ठेवा आणि टाकीचं झाकण हळू उघडा. उन्हात आत दाब झालेला असतो, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. भरल्या जागेपासून तीन-चार मीटर लांब जाऊन चालू करा. गरम सायलेन्सर पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ किंवा सुक्या केळीच्या पानांवर टेकवू नका. या दिवसांत एक ठिणगी पुरते.

कापताना

चालू करताना मशीन जमिनीवर, मागच्या हँडलमध्ये पाय, चेनचा ब्रेक लावलेला. हवेत धरून दोरी ओढण्याची ऐट नको. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागला की मशीन क्षणात तोंडाकडे उसळतं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलभोवती पूर्ण वळवलेला हवा, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही आणि शिडीवरून किंवा झाडावर चढून ते चालवणं शिकल्या-सवरलेल्याचंच काम आहे. खांद्यावरचा रुमाल, सैल धोतर, चपला घरी. हेल्मेट-जाळी, कानाचे मफ, जाड बूट आणि जमल्यास चेन अडवणारी पायाची पट्टी. हा खर्च लोक टाळतात, पण मशीनच्या किमतीपुढे तो मोठा नाही.

बांधावरच्या झाडात तारेचं कुंपण, खिळे, कधीकाळी बैल बांधलेली साखळी सालीखाली गिळली गेलेली असते. कापाच्या जागी कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून बघा, सालीवरचा फुगवटा आणि गंजाचा डाग शोधा. वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणाखाली असतात. दबलेल्या बाजूने आधी थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने, आणि फांदी ज्या बाजूला झटकेल तिथे उभं राहायचं नाही. विजेच्या तारेजवळची फांदी महावितरणच्या लाइनमनने पुरवठा बंद केल्याशिवाय छाटू नका.

केळीचं खोड चेनसॉने कापायचा प्रयोग काही जण करतात. करू नका. त्याचे धागे स्प्रॉकेट आणि क्लचभोवती गुंडाळतात आणि चीक सगळीकडे चिकटतो. तिथे कोयताच बरा.

साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन ही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतली झाडं आहेत. स्वतःच्या मालकीच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वन विभागाकडे अर्ज आधी, चेनसॉ नंतर.

मशीन कोणाच्या हाती

आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, बदलतो आणि मशीन नव्या हातात जातं. जुन्याला त्याचे आवाज माहीत असतात, नव्याला नाहीत. कामाला लावण्याआधी मिश्रण करणं, ताण बघणं आणि कानस धरणं त्याच्याकडून आपल्यासमोर करून घ्या. फवारणीचा पंप भाऊबंदांना उसना दिला तर फार बिघडत नाही, चेनसॉ द्यायचा तर आपला माणूस सोबत द्या. वाईटपणा आला तरी चालेल.

पावसात ठेवताना

पेरणी लागली की मशीन दोन-तीन महिने तसंच पडतं. टाकी पूर्ण रिकामी करा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. प्लग काढून छिद्रात टू-टीचे चार थेंब टाका, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. चेन आणि पट्टी काढून, पुसून, तेल लावून ठेवा. मशीन खताच्या गोण्यांजवळ नको, तिथे धातू गंजतो. खुंटीला किंवा माळ्यावर, उंदरांपासून लांब. पोळ्यानंतर पुन्हा काढाल तेव्हा टाकीतली रबरी नळी बोटांनी दाबून पाहा. कडक झालेली किंवा तडकलेली असेल तर ती आणि टाकीतला फिल्टर बदला, आणि मगच ताजं मिश्रण भरा.